रांगेत मेल कोण टाकतंय?

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजार. पहिल्या मजल्यावरचं छोटं ऑफिस.)

इथल्या एकाच सर्व्हरवर शाळा, गणेशोत्सव मंडळ, संगीत वर्ग अशा बऱ्याच मराठी संस्थांच्या वेबसाइट आहेत. सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंना सकाळपासून फोनवर एकच तक्रार: "ताई, आमचे मेल परत येताहेत." सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) स्पॅमच्या काळ्या यादीत गेलाय.

अशा वेळी हात आधी सर्व्हरवर थांबलेल्या मेलची अख्खी रांग पुसायला जातो. तसं अजिबात करू नये. पुरावा त्या रांगेतच असतो.

ताई रांग दाखवणारी 'मेलक्यू' ही कमांड चालवतात, एका पत्राचा क्रमांक उचलतात, 'पोस्टकॅट' या कमांडने ते पत्र उघडतात. हेडरमध्ये, म्हणजे पत्राच्या वरच्या माहितीत, स्पष्ट लिहिलंय: पोस्टफिक्स (मेल पाठवणारा प्रोग्राम), यूजरआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) ३३. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमवर हा वेबसर्व्हरचा, म्हणजे साइट चालवणाऱ्या प्रोग्रामचा, वापरकर्ता. म्हणजे कुणाचा मेलचा पासवर्ड चोरीला गेलेला नाही, एखाद्या साइटची स्क्रिप्टच (छोटा प्रोग्राम) मेल पाठवतेय. पण इथल्या सगळ्याच साइट ३३ च्या नावावर चालतात, मग नेमकी कुठली?

या साइट ज्या भाषेत लिहिल्यात त्या पीएचपीत, मेल कुठल्या स्क्रिप्टने पाठवला ते शोधायची सोय २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून आहे. तिच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये 'मेल.ॲड_एक्स_हेडर' चालू केलं की प्रत्येक नव्या पत्रावर स्क्रिप्टचं नाव येतं. नुसतं नाव, बरं का, फोल्डर नाही; आणि 'कॉन्टॅक्ट.पीएचपी' तर जवळपास प्रत्येक साइटवर सापडते! म्हणून सोबत 'मेल.लॉग' ही सेटिंगही हवीच; तिने प्रत्येक मेलची नोंद एका लॉग फाइलमध्ये होते. त्यात स्क्रिप्टचा पूर्ण पाथ आणि ओळ क्रमांकसुद्धा मिळतो. फक्त ती लॉग फाइल वेबसर्व्हरला लिहिता आली पाहिजे. नाहीतर ती रिकामी राहते, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

(दृश्य: स्क्रीनवर सरकणारा लॉग.)

एकच पाथ पुन्हा पुन्हा. मंडळाच्या साइटचं अपलोडचं फोल्डर. गणपतीच्या फोटोंमध्ये एक पीएचपी फाइल. फोटोंच्या फोल्डरात तिचं काय काम? त्याच मिनिटाच्या ॲक्सेस लॉगमध्ये (साइटवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) बाहेरून तिच्यावर पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या विनंत्या, येताना दिसतात.

तपासासाठी प्रत ठेवून फाइल काढली. त्या फोल्डरात पीएचपी चालणं बंद केलं, साइटला जोडलेला जुना प्लगइन (जोडप्रोग्राम) अपडेट केला. रांगेतून फक्त त्या प्रेषकाचे मेल उडवले. शाळेचे, संगीत वर्गाचे राहू दिले.

एक वाट मात्र उरते. स्क्रिप्टने पीएचपीचं मेल फंक्शन टाळून थेट बाहेरच्या सर्व्हरचं २५ नंबरचं पोर्ट (मेल स्वीकारायचं दार) गाठलं, तर ना लॉगमध्ये नोंद, ना रांगेत पत्र. म्हणून ताई आता फायरवॉलमध्ये (नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नियम घालताहेत: बाहेरचं २५ नंबरचं पोर्ट फक्त पोस्टफिक्सच्या वापरकर्त्याला. दुसऱ्या कुणी प्रयत्न केला, तर अडवायचं आणि त्याचा यूजरआयडी नोंदवायचा.