लिव्हरने कॉन्ट्रास्ट किती उचलला? उजळपणा नको, टी-१ मोजा

एमआरआयमध्ये लिव्हर जास्त उजळलं म्हणजे कॉन्ट्रास्ट (चित्रात फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून दिलेलं औषध) जास्त गेला, असा निष्कर्ष लगेच काढू नका. एमआरआयला गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टमधला धातू, दिसतच नाही. दिसतात ते त्याच्या शेजारच्या पाण्यातले प्रोटॉन, आणि त्यांचा टी-१ (पल्सनंतर मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ) कमी झालेला असतो. कॉन्ट्रास्ट दुप्पट झाला म्हणून सिग्नल दुप्पट होत नाही. दोन स्कॅनमध्ये मशीनचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) बदलला तर ती तुलनाही गेली. म्हणून टी-१ मॅप, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा टी-१ आकड्यात दाखवणारं चित्र.

उदाहरण गॅडोक्सेटेट या लिव्हरसाठीच्या कॉन्ट्रास्टचं घेऊ. त्यातला साधारण निम्मा लिव्हरच्या पेशी आत ओढून पित्तात सोडतात, उरलेला किडनीवाटे जातो. डोस किलोमागे ०.०२५ मिलिमोल, म्हणजे ०.१ मिली. ६० किलोच्या पेशंटला ६ मिली.

पहिला मॅप इंजेक्शनच्या आधी, श्वास सोडून रोखलेला असताना. मग सेकंदाला १ मिली वेगाने कॉन्ट्रास्ट, मागून सलाईन. २० मिनिटांनी त्याच स्लाइसवर, त्याच सेटिंगने दुसरा मॅप. पहिला मॅप राहून गेला तर तो नंतर मिळत नाही!

[पडद्यावर गणित]
समजा, आधीचा टी-१ ८०० मिलिसेकंद, नंतरचा ३२०. आर-१ म्हणजे १ भागिले सेकंदातला टी-१: १.२५ आणि ३.१२५. फरक १.८७५. याला रिलॅक्सिव्हिटीने (एक मिलिमोलर कॉन्ट्रास्ट आर-१ किती वाढवतो, त्या आकड्याने) भागलं की मिलिमोलर, म्हणजे कॉन्ट्रास्टची तीव्रता, मिळतं. पण प्लाझ्मामधली रिलॅक्सिव्हिटी पेशीच्या आत तशीच लागू होत नाही, चुंबकाच्या फील्डप्रमाणेही ती बदलते. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: रिपोर्टमध्ये आर-१ मधला फरकच लिहा, मिलिमोलरचा आकडा फार तर अंदाज म्हणून.

आता चुकतं कुठे? सगळ्यात जास्त फ्लिप अँगलमध्ये, म्हणजे रेडिओ पल्स प्रोटॉनना किती कोनात वळवते त्यात. ३ टेस्लावर पोटात बी-१ (त्या पल्सचं चुंबकीय क्षेत्र) सगळीकडे एकसारखा नसतो. व्हेरिएबल फ्लिप अँगल पद्धतीत (वेगवेगळ्या अँगलवर स्कॅन करून टी-१ काढण्याच्या) अँगल १० टक्के चुकला तर टी-१ जवळपास २० टक्के चुकतो. बी-१ मॅप घेतल्याशिवाय ही पद्धत वापरू नका. लोह साठलेल्या लिव्हरमध्ये सिग्नल इतक्या लवकर मरतो की टी-१ वर भरवसा उरत नाही. आधी टी-२ स्टार (सिग्नल मरायला लागणारा वेळ) तपासा. बिलिरुबिन वाढलेलं असेल तर पेशी कॉन्ट्रास्ट कमी उचलतात. तिथे कमी आकडा खरा असतो, डोस वाढवायचा नाही.

आरओआय (मोजण्यासाठी चित्रावर आखलेला भाग) उजव्या लोबमध्ये तीन-चार ठिकाणी ठेवा. रक्तवाहिन्या, पित्तनलिका आणि कडा टाळा. डाव्या लोबला हृदयाचे ठोके हलवतात. एक आरओआय प्लीहेवरही हवा: तिथे कॉन्ट्रास्ट पेशींत शिरत नाही, त्यामुळे पेशींबाहेर किती उरलाय याचा अंदाज येतो.