आधी दोन फेरे, मग चावी

कोल्हापूर, रविवार सकाळ. अंगणात मारुती ८०० स्टँडवर उभी आहे. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक काढलंय, आणि त्या मोकळ्या जागेतून क्रँकच्या बोल्टापर्यंत हात पोचतो. नवा टायमिंग बेल्ट चढलाय, तो ताणून धरणारा टेन्शनर बसलाय. दोघा भावांनी घरीच केलेलं काम. धाकट्याच्या हातात चावी आहे.

"दादा, मारू काय स्टार्टर?"

"थांब जरा. आधी प्लग काढ."

या इंजिनात खाली क्रँक, वर कॅम, आणि दोघांना एकत्र फिरवणारा हा टायमिंग बेल्ट. क्रँक पिस्टन वरखाली करतो, कॅम वॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, म्हणून खालच्या पुलीला दात वरच्यापेक्षा बरोबर निम्मे. पूर्वी हे काम साखळी किंवा गिअर करायचे. १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या मोटारीत रबरी दात्यांचा पट्टा वापरला आणि तो पुढे जगभर पसरला. आवाज कमी, तेलाची गरज नाही. पण एक दात इकडचा तिकडे झाला तरी पट्टा तितकाच घट्ट बसतो. बघून काही कळत नाही.

एक दात म्हणजे किती? समजा कॅमच्या पुलीला ४० दात आहेत. मग एका दाताला कॅम ९ अंश सरकतो, क्रँकच्या हिशेबाने १८. एवढ्या चुकीवर गाडी बऱ्याचदा चालूही होते. मग ती ओढत नाही, थरथरते, पेट्रोल जास्त पिते, आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. काही इंजिनांत चूक वाढली तर पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आपटतो आणि वॉल्व्ह वाकतात. म्हणून गाडी चालू झाली यावर कधीच विसंबायचं नाही.

तिन्ही प्लग निघाले. आता आत दाब नाही, क्रँक हाताने फिरतो. बोल्टावर सॉकेट, त्याला लांब दांड्याचा रॅचेट पाना. बेल्टकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश. उलट फिरवायचं नाही. मध्येच कॅम स्वतःहून थोडा पुढे उडी मारतो. वॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला ढकलतात, घाबरायचं कारण नाही. पण पाना कशाला तरी कडक अडला, तर तिथेच थांबायचं. जोर लावायचा नाही.

दोन्ही पुल्यांवर एकेक खूण आहे, आणि ती इंजिनच्या अंगावरच्या खुणेसमोर यायला हवी. पहिला फेरा. खालची खूण जागेवर आली, वरची मात्र अगदी उलट टोकाला. धाकटा दचकला. ते बरोबरच आहे, कॅमचा अर्धाच फेरा झालाय. बेल्टवर खडूने मारलेल्या पांढऱ्या रेषाही आता भलतीकडेच आहेत. त्या फक्त बेल्ट चढवताना कामाच्या. बेल्टचे दात आणि पुलीचे दात यांचा मेळ दोन फेऱ्यांत बसत नाही. बघायच्या त्या पुलीवरच्या आणि इंजिनच्या अंगावरच्या खुणा.

दुसरा फेरा. खाली खूण नेमकी समोर. एक नंबरच्या प्लगच्या भोकात सोडलेली प्लास्टिकची नळी वर येऊन थांबली, म्हणजे पिस्टन टॉपला. आता वर बघायचं, तेही तिरकं नाही, डोळा सरळ खुणेसमोर आणून. इथे जागा इतकी अरुंद, की छोटा आरसा धरावा लागला.

वरची खूण एक दात मागे आहे.

बेल्ट चढवला तेव्हा दोन्ही खुणा जुळल्या होत्या, दोघांनीही पाहिल्या होत्या. मग हे कसं झालं? ढील चुकीच्या बाजूला राहिली होती. फिरताना क्रँक बेल्टला ज्या बाजूने ओढतो, ती बाजू ताठ हवी. तिथे ढील असली की क्रँक आधी ती गिळतो आणि कॅम मागे राहतो. टेन्शनर दुसऱ्या बाजूला असतो, त्याने नंतर कितीही ताणलं तरी गेलेला दात परत येत नाही. इंजिन फिरवल्याशिवाय हे दिसणं शक्यच नव्हतं.

टेन्शनर सैल केला, बेल्ट वरून उतरवला. कॅम पुढे एक दात. बेल्ट आता क्रँकपासून सुरू, ओढीची बाजू हाताने ताठ धरून वर, आणि उरलेली सगळी ढील टेन्शनरकडे. पुन्हा रॅचेट, पुन्हा दोन फेरे.

"वर काय दिसतंय?"

"समोरासमोर, दादा."

"आणखी दोन फिरव."

चौथ्या फेऱ्यालाही खुणा समोरासमोर. टेन्शनरचा नट टॉर्क पान्याने आवळला आणि त्यानंतर परत एकदा दोन फेरे, कारण नट आवळताना टेन्शनर हलू शकतो. मग प्लग लागले, कव्हर लागलं. धाकट्याने त्यावर मार्करने आजची तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर लिहिले.