रात्रभर बादलीत

हा पाना. याचं चाक फिरत नाही, जबडा हलत नाही, दांड्यावरचं माप वाचता येत नाही. नखानं टोकरलं की पापुद्रा निघतो, खाली दुसरा थर तयारच.

लोखंडाचा गंज झाला की तो जास्त जागा मागतो. म्हणून तो फुगतो, आट्यांमध्ये दाटून बसतो. तिथपर्यंत तारेचा ब्रश पोचत नाही. आम्ल पोचतं. पण कोणतं?

बहुतेकांचा हात जातो हायड्रोक्लोरिक ॲसिडकडे. काम झटपट होतं, हे कबूल. पण बाटलीशेजारची ही कानस पाहा. तिला ॲसिडचा थेंबही लागलेला नाही, तरी दाते तांबूस झालेत. बाटलीतून निघणाऱ्या वाफेनं ही करामत केली. तीच वाफ माणसाच्या डोळ्यांत आणि छातीत जाते. शिवाय गंज संपला तरी हे ॲसिड आवरत नाही, चांगलं लोखंड खात सुटतं.

आता हे पांढरे खडे. साखरच वाटावी. हे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञानं १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळं काढलं. पुढे १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिलं की ॲस्परजिलस नायजर नावाची काळी बुरशी साखरेवर वाढवली की तीही हे आम्ल भरपूर बनवते. आज कारखान्यांत ते मुख्यतः असंच तयार होतं. याची वाफ उठत नाही, कानस सुरक्षित राहते. आणि ते गंजातल्या लोखंडाला नुसतं सोडवत नाही, खेकड्यानं नांगीत धरावं तसं धरून पाण्यात घेऊन जातं.

दहा लिटर गरम पाणी, अर्धा किलो खडे. पाना आधी साबणानं घासलेला, कारण तेलकट जागी आम्ल लागतच नाही. तो पूर्ण बुडायला हवा. अर्धवट बुडाला तर पाण्याच्या रेषेवर कायमचा चरा उमटतो. झाकण सैल, कारण हायड्रोजन सुटतो.

पहिला तास. पाणी पिवळसर.

चौथा तास. कोऱ्या चहासारखं. ब्रशचा एक हात फिरवला आणि काळा गाळ ढगासारखा सुटला.

सकाळ. पाना राखाडी दिसतोय, गंजाचा ठिपका नाही. आता बाहेर काढायचाच. सौम्य असलं तरी आम्लच ते, जास्त ठेवलं तर धातूला खड्डे पाडेल. लगेच स्वच्छ पाणी, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी. हा फसफसाट म्हणजे उरलेलं आम्ल मरतंय. लगेच पुसा, गरम हवेनं वाळवा, तेल लावा. ओलं उघडं लोखंड बघता बघता पुन्हा लालसर होतं.

हातमोजे आणि चष्मा इथेही हवेतच, ब्लीच जवळपासही नको, जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू यात घालू नका, आणि वापरलेलं पाणी सोडा घालून शमवल्याशिवाय ओतू नका.

दांड्यावर आकडा उमटलाय: २५०. अंगठा चाकावर. जबडा उघडतो.