महासेनाची दोन कामं

(पहाट. धुक्यातून हळूहळू वर येणारा जेतवनाचा घुमट.)

अनुराधपुर. श्रीलंकेची जुनी राजधानी. समोरचा हा जेतवन स्तूप आतून-बाहेरून विटांचा आहे. सुमारे ९ कोटी ३० लाख विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. बांधला तेव्हा उंची १२२ मीटरच्या आसपास होती, आज ७१ मीटर उरली आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात महासेन राजाने काम सुरू केलं, त्याच्या मुलाने ते पुरं केलं. महासेन हे नाव लक्षात असू द्या.

(महाबोधी. पांढरे कपडे, कमळं, फांद्यांना दिलेले सोनेरी टेकू.)

हा जय श्री महाबोधी. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या वृक्षाची फांदी घेऊन समुद्रमार्गे इथे आली, त्याला आता बावीसशेहून अधिक वर्षं झाली. माणसाने लावलेलं आणि लागवडीचा काळ ठाऊक असलेलं जगातलं सर्वांत जुनं झाड म्हणून याची ओळख आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष तुम्ही पाहिला असेल. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याच्या फांद्या इथूनच नेल्या. आपल्याकडून आलेली फांदी फिरून आपल्याकडे आली.

पण हा कोरडा मुलूख आहे. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी, पुढे महिनोन्‌महिने ऊन. मग इतकं मोठं नगर, हजारो भिक्खूंचे विहार, हे झाड, यांना पाणी कुठून मिळालं?

(ड्रोन. सरळ न जाता डोंगरउताराच्या कडेने वळत गेलेला कालवा.)

इथून. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कला वेवा हा तलाव बांधला. वेवा म्हणजे तळं. तिथून अनुराधपुरच्या तिसा वेवापर्यंत ८७ किलोमीटरचा हा कालवा. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला अवघा दहा सेंटिमीटर. दीड हजार वर्षांपूर्वी, आजची मोजमापाची यंत्रं नसताना. आम्ही काठाने चाललो, पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते पान टाकून पाहावं लागलं.

(तळ्याची भिंत. दगडी चौकोनी विहीर, आत शेवाळ.)

आणि हे पाहा. बसमधून उतरलेल्यांपैकी इथे कुणी थांबत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम थांबलो. याला म्हणतात बिसोकोटुवा. भंडारा-गोंदियाकडचे लोक ज्याला पाळ म्हणतील, त्या मातीच्या भिंतीच्या पोटात बसवलेली ही दगडी विहीर. तलाव भरलेला असताना तळाशी मोरी उघडली, तर पाणी इतक्या जोराने सुटतं की भिंतच पोखरली जाते. म्हणून पाणी आधी या विहिरीत घ्यायचं, तिथे त्याचा जोर मोडायचा आणि मग हवं तेवढंच बाहेर सोडायचं. मोठमोठे तलाव शतकानुशतकं टिकले, त्यात या विहिरीचा वाटा फार मोठा आहे.

(गावतळं. म्हशी, कमळाची पानं, मागे झाडांची रांग.)

राजाचे तलाव मोठे, गावाचे लहान. एकाखाली एक, माळेसारखे. वरच्या शेतातून निथळलेलं पाणी खालच्या तळ्यात येतं. वरच्या अंगाला झाडांचा पट्टा, गसगोम्मन. तो वारा अडवतो, बाष्पीभवन कमी करतो. भिंतीखाली झुडपांचा पट्टा, कट्टकडुव. तो खारं पाणी शेतात जाऊ देत नाही. आणि सर्वांत वर, जंगलात, एक छोटं तळं, कुलु वेवा. ते गाळ धरतं आणि जनावरांना पाणी देतं. त्याच्या पाण्यावर शेत भिजवत नाहीत. गाव वसवतानाच रानातल्या जनावरांचा वाटा बाजूला काढून ठेवलेला होता. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने ही व्यवस्था जागतिक कृषी वारसा म्हणून मान्य केली.

(मिन्नेरिया. दुपारचे चार. झाडीतून बाहेर येणारी पहिली हत्तीण, मागे पिल्लू.)

आणि हे महासेनाचं दुसरं काम. मिन्नेरिया तलाव. स्तूप बांधणारा राजा तोच. अंबन गंगेचं पाणी एलहेरा कालव्याने इथे आणलं. भिंत सुमारे दोन किलोमीटर लांब. तेराव्या शतकाअखेर या भागातल्या जुन्या राजधान्या ओस पडल्या होत्या, तलावाभोवती रान माजलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत पुन्हा दुरुस्त झाली, १९९७ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं.

कोरड्या हंगामातल्या पिकासाठी पाणी सोडलं की तळं आटत जातं. उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं. आसपासच्या रानांतून हत्तींचे कळप ऑगस्ट-सप्टेंबरात त्या गवतावर उतरतात. एका वेळी दोनशेहून अधिक. थोरल्या हत्तिणी पुढे, पिल्लं पायांत. सुळे शोधू नका, इथल्या बहुतेक नरांनाही ते नसतात.

(निवेदन थांबतं. वीस सेकंद फक्त गवत उपटल्याचा आवाज.)

२०१८ मध्ये वरच्या अंगाला मोरगहकंद धरण पूर्ण झालं. आता ऐन कोरड्या हंगामातही मिन्नेरियात पाणी चढतं, गवत बुडतं आणि कळप शेतांकडे वळतात. अलीकडे श्रीलंकेत दर वर्षी तीनशेहून अधिक हत्ती मरतात, आणि हत्तींमुळे शंभराहून अधिक माणसं.

(संध्याकाळ. तलावाच्या भिंतीजवळचं छोटं देऊळ. तेलाचे दिवे.)

हे देऊळ महासेनाचं. इथले शेतकरी त्याला मिन्नेरी देवियो म्हणतात, मिन्नेरियाचा देव. जेतवन त्याने बांधलं तरी तो इथे पुजला जातो तो या पाण्यासाठी.

(दिवे. मागे काळोखात तळ्याचं पाणी. निवेदन नाही.)