तारखा राखणारे शहर

(दृश्य: पावसात भिजलेला जंगली महाराज रस्ता, बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारातला कार्यक्रमांचा फलक.)

बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात शिरलेला पुणेकर आधी फलक वाचतो आणि मगच पुढे जातो. त्याच्याकडे आजचे तिकीट असले, तरी त्याची नजर पुढच्या आठवड्यावर असते. सकाळी नृत्याच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम, दुपारी नाटक आणि रात्री एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी गाण्यांची मैफल, असे एकाच रंगमंचावरचे तीन प्रकार त्या फलकावर एकाखाली एक लिहिलेले असतात. कला, शिक्षण आणि दानधर्म हे तीन वेगळे विभाग आहेत, असे या शहराच्या दिनक्रमाकडे पाहून वाटत नाही.

त्यामागे जुनी परंपरा आहे. ज्यांचे नाव या वास्तूला आहे, त्या बालगंधर्वांनी आणि केशवराव भोसले यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला होता. एकमेकांच्या बरोबरीने नावाजल्या गेलेल्या दोन नाटक मंडळींचे हे प्रमुख नट टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभे राहिले. पुढे १९६२ साली पुण्याच्या या रंगमंदिराचे भूमिपूजन बालगंधर्वांच्याच हस्ते झाले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिर खुले झाले, तेव्हा मात्र त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. मदतीचा प्रयोग ही प्रथा आजही टिकून आहे. संस्था नाटक मंडळीकडून प्रयोग ठरवून घेते, देणगी प्रवेशिका छापते आणि कार्यकर्ते त्या घरोघरी खपवतात. प्रवेशिका घेणारे सगळेच जण नाटकाला येतात असे नाही, म्हणून खुर्च्या रिकाम्या आणि खाते भरलेले, असा चमत्कारिक देखावा अशा प्रयोगांत कधी कधी दिसतो.

(दृश्य: जून-जुलैमधले वसतिगृह, खांद्यावर पिशव्या घेतलेली नवी मुले.)

पुण्याचे कार्यक्रमांचे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते ते पावसाळ्यात, महाविद्यालयांचे प्रवेश होतात तेव्हा. एके काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका दिवशी एकेका घरी जेवून, या शहरात शिकत. त्या सोयीला पुढे संस्थांचे रूप आले. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था पाहते आणि त्यांनी काम करून शिकावे, असा तिचा आग्रह असतो. या दिवसांतले शिष्यवृत्ती वाटपाचे, वह्यापुस्तके देण्याचे आणि देणगीदारांच्या मेळाव्यांचे कार्यक्रम छोट्या सभागृहांत होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांना चार ओळी मिळतात. तरीही पुढच्या काही महिन्यांत रंगमंचावर, ढोलपथकात आणि स्वयंसेवकांच्या रांगेत जी मुले दिसतात, त्यांतली कितीतरी याच दारातून शहरात आलेली असतात.

(दृश्य: सदाशिव पेठ, भरत नाट्य मंदिर, सेटचे तुकडे उतरवणारे विद्यार्थी.)

ऑगस्ट उजाडला, की भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली ही स्पर्धा सुरू केली. लॉट्स, म्हणजे कोणाचा प्रयोग कधी हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या, निघतात तेव्हापासून महाविद्यालयाच्या आवारात वेगळीच धावपळ दिसू लागते. वर्गातून दोन-चार चेहरे नाहीसे होतात, कुणाच्या तरी घराच्या गच्चीवर तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि सेटसाठी लागणारे जुने पलंग, दारे, सायकली गोळा होऊ लागतात. संहितेपासून प्रकाशयोजनेपर्यंतचा भार विद्यार्थ्यांच्याच खांद्यावर असतो. पडदा उघडण्यापूर्वी ‘अरे, आवाज कुणाचा?’ ही आरोळी उठते, तेव्हा पहिल्यांदाच आलेला पाहुणा दचकतो. पडदा उघडताच मात्र तेच प्रेक्षागृह असे काही गप्प होते, की विंगेतली कुजबुजही पहिल्या रांगेला ऐकू यावी.

डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखे कलावंत वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना याच वातावरणात घडले. पण स्पर्धेची खरी ओळख पटवून देणारी घटना २०२२ सालची आहे. त्या वर्षी अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही, असे परीक्षकांचे मत पडले आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. त्यावर मुले दुखावली, माजी स्पर्धक हिरिरीने बोलू लागले आणि कितीतरी दिवस कट्ट्यांवर त्यावाचून दुसरा विषय नव्हता. निर्णय योग्य होता की कठोर, याबद्दल आजही दोन मते आहेत. बक्षीस न देण्याची मुभा ठेवणारी स्पर्धा बक्षिसाला अधिक मान मिळवून देते, असे आमचे मत आहे, आणि त्याची किंमत त्या वर्षीच्या मुलांना मोजावी लागली, हेही तितकेच खरे आहे.

याच महिन्यांत नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव रंगात आलेला असतो. वाद्यपूजन झाले, की रोज संध्याकाळी नव्या वादकांना ‘हात’ शिकवले जातात. पथकांच्या बोलीत हात म्हणजे ठराविक बांधणीचा ताल. संध्याकाळी संवाद पाठ करणारा मुलगा आणि रात्री कमरेला ढोल बांधणारा मुलगा पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे या दोन हंगामांची गाठ पडली की त्याची तारांबळ उडते. २०२५ साली गणेशोत्सव २७ ऑगस्टलाच सुरू झाला होता. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक असल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते. करंडक इंग्रजी महिन्यांवर चालतो आणि गणपती तिथीवर, म्हणून या शहराला दोन पंचांगे सांभाळावी लागतात. विसर्जन मिरवणुकीच्या सुपारीतून मिळणाऱ्या पैशांतला मोठा वाटा शाळांना, आश्रमांना किंवा दुष्काळी गावांना देण्याची रीत अनेक पथकांनी पाळली आहे. ढोलांच्या आवाजाबद्दल लक्ष्मी रस्त्यावरच्या रहिवाशांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. तीस तासांच्या आसपास चालणारी मिरवणूक घराच्या खिडकीखालून जात असेल, तर कोणत्याही सत्कार्याचे कौतुक त्या घरापर्यंत पोहोचत नाही.

ऑक्टोबर महिना धर्मादाय संस्थांचा असतो. १ ऑक्टोबरला राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन आणि २ ते ८ ऑक्टोबर या काळात देशभर दान उत्सव साजरा होतो. त्यानंतर दिवाळी पहाटेच्या मैफलींनी शहर भल्या अंधारात जागे होते.

(दृश्य: मुकुंदनगरचा मांडव, तंबोरे जुळवणारे हात.)

डिसेंबरात ‘सवाई’ असते. महोत्सवाचे पूर्ण नाव सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असले, तरी बोलण्यात एवढा एकच शब्द पुरतो. किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली निवर्तले आणि पुढच्या वर्षीपासून त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मृतीसाठी हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ त्याचे आयोजन करते. बरीच वर्षे तो रमणबाग शाळेच्या मैदानावर भरत असे आणि २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. २०११ साली पंडितजी गेल्यानंतर गुरूच्या नावाला शिष्याचे नाव जोडले गेले.

सवाईचे जुने श्रोते रमणबागेच्या आठवणी काढतात, त्या केवळ जागेच्या नसतात. तेव्हा मैफल रात्रभर चाले. घोंगडी, थर्मास आणि घरून आणलेला डबा घेऊन लोक भारतीय बैठकीवर ठाण मांडत, मध्यरात्री मालकंस किंवा दरबारी हे राग ऐकत आणि उजाडताना ललत, भटियार कानांत घेऊन थेट कामावर जात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर बंधन पडले. त्यामुळे महोत्सव दुपारी सुरू होऊ लागला, मुलतानी आणि मारव्याला वाव मिळाला, पण उत्तररात्रीच्या आणि पहाटेच्या रागांना मांडवाबाहेर थांबावे लागले. ते राग आता दिवाळी पहाटेत तरी भेटावेत अशी अपेक्षा धरावी, तर तिथे भावगीतांचा आणि नाट्यपदांचा वरचष्मा असतो. नियम आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु रागाला वेळ असते आणि ती वेळच कार्यक्रमपत्रिकेतून वजा झाली, तर संगीताचा एक संपूर्ण प्रहर नव्या श्रोत्यांच्या वाट्याला येत नाही, याची नोंद करायला हवी.

डिसेंबरात आणखीही गर्दी असते. १९८३ पासूनची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाने भरवलेला पुस्तक महोत्सव, त्यापाठोपाठ जानेवारीत २००२ पासून होणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, अशी तारखांची रेटारेटी चालते. ज्या शहरात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली पहिले ग्रंथकार संमेलन भरले, तिथे पुस्तकांसाठी पिशव्या घेऊन रांगा लागाव्यात, यात नवल काही नाही.

(दृश्य: एप्रिलची दुपार, टिळक रस्ता, टिळक स्मारक मंदिर.)

मग उन्हाळा येतो आणि फलक ओस पडतात. मुले गावी जातात, पथकांचे ढोल गोदामात ठेवले जातात. अशा दिवसांत, दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे, टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला चालते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती सुरू केली. न्यायालये आणि शाळा सुट्टीवर असताना माणसांनी नुसते घरी बसू नये, विचार ऐकावेत, असा हा उपक्रम आहे आणि महिनाभर रोज एक वक्ता एक विषय मांडतो. श्रोत्यांत पांढरे केस जास्त दिसतात. आयोजकांना त्याची खंत असते. आपल्याला वाटते, की ज्या महिन्यात तरुण शहराबाहेर असतात, त्याच महिन्यात त्यांची वाट पाहिली जाते.

हीच अडचण रक्तपेढ्यांची आहे आणि तिथे ती अधिक गंभीर आहे. महाविद्यालयांतली आणि गणेश मंडळांची शिबिरे ठरावीक महिन्यांत एकदम होतात आणि मे महिन्यात शस्त्रक्रिया चालू असताना रक्तदाते गावी गेलेले असतात. गणपतीत जमा झालेले रक्त मे महिन्यासाठी ठेवून देता येत नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबाणू (प्लेटलेट्स) जेमतेम पाच दिवस. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. म्हणून जी मंडळे आपले शिबिर मुद्दाम उत्सवातून काढून उन्हाळ्यात घेतात, त्यांचे काम फार मोलाचे ठरते. तिथे ढोल नसतो, पाहुणा नसतो आणि मांडव घालायचीही गरज पडत नाही. शाळेचा एखादा रिकामा वर्ग पुरतो.

(दृश्य: वर्गखोलीतली खाट, वर फिरणारा पंखा, बाकावर ठेवलेली बिस्किटे आणि चहा.)

रक्तदाता उठून बसतो. परिचारिका त्याला पाच मिनिटे थांबायला सांगते, पिशवी तराजूवर पाहते आणि तिच्यावर आजपासून ३५ दिवसांनंतरची तारीख लिहिते.