थीटा वाढला म्हणजे काय झालं?

मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी ही ईईजीची टोपी (थीटा ही त्यांतलीच एक लहर) नीट बसवायला अर्धा तास सहज जातो. आधी टेपनं डोकं मोजायचं: नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या अंतराचे १० आणि २० टक्क्यांचे टप्पे पाडून इलेक्ट्रोडच्या, म्हणजे संकेत टिपणाऱ्या छोट्या चकत्यांच्या, जागा ठरतात. १९५८ मध्ये ही मापं ठरली, म्हणून वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात.

आता जेल. बोथट सुईनं केस बाजूला सारायचे, त्वचा हलकेच घासायची, जेल भरायचं. मग पुढचा इलेक्ट्रोड. घाई इथे चालतच नाही. कवटीतून बाहेर पोचणारा संकेत असतो १० ते १०० मायक्रोव्होल्टच्या घरात. साधी पापणी लवली तरी त्याहून मोठी लाट उठते. आणि आता दात आवळले, पाहा, पडद्यावरच्या सगळ्या रेघा काळवंडल्या. हा मेंदू नव्हे, जबड्याचे स्नायू.

"डोळे मिटा."

डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघांत एकसारखी लय आली. सेकंदाला ८ ते १३ आवर्तनं: अल्फा. जर्मनीतल्या येना इथे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूलहरींची पहिली नोंद घेतली, १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेकांना ती खरी वाटली नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिली, तेव्हा कुठे शंका मिटली.

"उघडा." अल्फा दबली.

आता हजारातून सात-सात वजा करायचे, मनातल्या मनात. अशा वेळी कपाळाच्या मध्यभागी थीटा वाढतो, म्हणजे ४ ते ८ आवर्तनांची संथ लहर. नुसत्या डोळ्यांना ती क्वचितच दिसते. बऱ्याच फेऱ्यांची सरासरी काढावी लागते.

पण पेंग येऊ लागली की तेव्हाही थीटाच वाढतो. गणितात गढलेला माणूस आणि डुलकी लागलेला माणूस, दोघांच्या नोंदीत थीटा जास्त. डोक्यावर थीटा कुठे वाढला, अल्फाचं काय झालं, याच माणसाची विश्रांतीतली नोंद कशी होती, हे सगळं शेजारी ठेवल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. म्हणून तंत्रज्ञ वेळेसकट शेरे लिहीत आहेत: डोळे मिटले, खोकला, जांभई.

कपाळावरच्या पट्टीतून "एकाग्रता" असा एकच आकडा देणारी उपकरणंही निघाली आहेत. त्या आकड्यावरून कुणाचं काम किंवा अभ्यास जोखला जात असेल, तर आधी मूळ नोंद आणि हे शेरे मागून घ्यावेत.