आवाज यायलाय, चित्र दिसंना

[दृश्य: अंबाजोगाईचा रस्ता, भर दुपार. दुचाकीवर मागं बसलेल्या पोराच्या मांडीवर वाकळेत गुंडाळलेला टीव्ही.]

केज तालुक्यातल्या एका वस्तीवरून हा 32 इंची टीव्ही असा मांडीवर बसून आलाय. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काका विचारतात, काय झालं?

"आवाज यायलाय काका, पण चित्रच दिसंना. आजी मालिका नुसती ऐकायलीय."

गावात कुणीतरी निकाल देऊन टाकलाय की पॅनल, म्हणजे पडद्याची काच, गेलं, भंगारात घाला. काका त्यावर काही बोलत नाहीत. शटर अर्धं खाली ओढायला सांगतात.

[दृश्य: अंधारलेलं दुकान.]

टीव्ही चालू. काका मोबाईलची बॅटरी, इकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, पडद्याजवळ तिरपी धरतात. काळ्या काचेत खोल कुठंतरी एक बाई रडताना दिसते. फिकट, पण दिसते.

म्हणजे चित्र तयार होतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. बॅटरी मारूनही काहीच दिसलं नसतं, तर शोध दुसरीकडं घ्यावा लागला असता.

ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, त्याचा पडदा एलसीडीचाच. तो स्वतः उजेड देत नाही. पूर्वी मागं बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात.

"चालू करताना क्षणभर तरी उजेड येतो का रे?"

"येतोय की. लख्खकन येतोय अन् जातोय."

काकांना एवढं पुरतं. पट्टीतले दिवे जुन्या लग्नातल्या माळेसारखे एकामागं एक जोडलेले. एक तुटला की ती माळ बंद. करंट बिघडलाय हे दिव्यांना वीज देणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला कळतं, आणि ते उरलेल्या माळाही विझवून टाकतं.

[दृश्य: मागचं झाकण उघडलेलं.]

प्लग काढलाय, तरी काका हात घालत नाहीत. घरातली 230 व्होल्ट वीज आत डीसी होते तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहू शकतात. आधी मीटर, मग हात.

मग पॅनल उचलायचं. व्हिडिओत बघून घरी करणाऱ्यांचे टीव्ही बहुतेक इथंच मरतात. काच पापडासारखी, आणि तिच्या कडेला चिकटलेल्या पट्टीकेबल त्याहून नाजूक. एक ताणली गेली की पडद्यावर कायमची उभी रेघ. म्हणून दोघं मिळून, चारी बाजूंनी सारख्या हातानं. उजेड सारखा पसरवणारे खालचे पांढरे कागद ज्या क्रमानं निघाले, त्याच क्रमानं परत बसवायचे.

[दृश्य: टेस्टरच्या दोन सुया, दिवे उजळतात.]

दोन पट्ट्या पेटल्या. तिसरीत एका दिव्यावर काळा ठिपका.

हा दिवा मुळात निळा असतो. वर फॉस्फर नावाच्या पदार्थाचा पिवळसर थर असतो म्हणून उजेड पांढरा दिसतो. तो फॉस्फर उष्णतेनं खराब झाला की चित्र निळसर पडतं. बाकी काही टीव्हींची तीच तक्रार असते. या निळ्या दिव्याच्या शोधाला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय. काकांना त्याचं फारसं कौतुक नाही.

पोरगा विचारतो, एकच दिवा बदलला तर? टीव्ही चालू होईल. पण बाकीच्या दिव्यांनीही तेवढाच ताप सोसलाय. पत्र्याची खोली, मे महिना, टीव्ही भिंतीला चिकटवलेला, आणि बॅकलाईट, म्हणजे हाच मागचा उजेड, पहिल्या दिवसापासून 100 वर. काका तिन्ही पट्ट्या बदलतात.

[दृश्य: पडदा उजळतो.]

बाई अजून रडतेच आहे. काका सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाईट 60 वर आणतात.

"आजीला अंधुक दिसंल काका. थोडं वाढवा की."

काका रिमोट खिशात घालतात आणि वाकळ पसरायला सांगतात.